ओट्यावरचा पांढुरका गोल

ज्या दिवशी बाईंच्या ओट्यावरचा तो पांढुरका गोल माझ्या नजरेला पडला, त्या दिवशी मी नुसता गोळ्या पोचवायला गेलो होतो. मे महिना होता, सकाळचे अकरा वाजत आले होते. बीपीची गोळी आदल्या दिवशी संपलेली, नवा माल आला की आणून देतो असं त्यांच्या मुलाला कबूल केलेलं. बाई स्वतः दोन महिन्यांत दुकानाकडं फिरकल्या नव्हत्या. उन्हामुळं येत नसतील, असं मी धरून चाललो होतो.

सांगलीत विश्रामबागेला माझं मेडिकल आहे, २२ वर्षं झाली. या बाईंनी मला तिसरी-चौथीत शिकवलं आणि गेली नऊ वर्षं त्यांच्या सगळ्या गोळ्या माझ्या काउंटरवरून जातात. त्यांना विचारून, नाव न घालता हे लिहितोय. "लिही की. दुसऱ्या कुणाचा पाय वाचला तर बरंच," एवढंच त्या म्हणाल्या.

आधी त्यांची माहिती. वय ६४. टाइप २ मधुमेह ११ वर्षांपासून. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी, शिवाय कॅल्शियम. जानेवारीत तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ८.२ आली. डॉक्टर म्हणाले, एप्रिलपर्यंत खाली आणा, नाहीतर गोळी वाढवावी लागेल. बाईंना गोळी वाढू द्यायची नव्हती. पुढचं सगळं या एका इच्छेतून घडलं, आणि ती इच्छा चुकीची होती असं मी म्हणणार नाही.

पुण्याच्या बहिणीनं त्यांना फोनवर एक व्हिडिओ पाठवला: रोज उपाशीपोटी दोन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर घ्या, शुगर आटोक्यात येते. संक्रांतीच्या आसपास बाई दुकानात आल्या. ते बिल मी नंतर कॉम्प्युटरवर काढून पाहिलं. पाच ओळी आहेत. चार ओळी गोळ्यांच्या, पाचवी व्हिनेगरच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीची. बाटली मीच फळीवरून काढून दिली. वर "तळाशी गाळ दिसतोय ती घ्या बाई, ती चांगली असते," असंही सांगितलं. कशी घेणार, किती घेणार, कशाबरोबर घेणार, यातलं काही विचारलं नाही.

ही बाटली म्हणजे नक्की काय, हे सांगलीच्या माणसाला उसाच्या रसावरून चटकन कळेल. काढलेला रस दुपारभर उन्हात राहिला तर संध्याकाळी त्याला कसला वास येतो, हे इथं पोरांनाही ठाऊक आहे. रसातल्या साखरेवर यीस्ट वाढतं आणि तिचं अल्कोहोल करतं. तसाच तो हवेशी राहिला की एका जातीचे जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात. सफरचंदाच्या रसाचंही असंच होतं. मिरजेकडची जुनी माणसं ज्याला शिरका म्हणतात तो याच कुळातला. तळाचा गाळ, ज्याला बाटलीवर 'मदर' म्हटलेलं असतं, तो म्हणजे हे जिवाणू आणि त्यांनी विणलेली सेल्युलोजची जाळी. बाटलीत सुमारे ५ टक्के ॲसेटिक आम्ल असतं, बाकी बहुतेक पाणी. सामू, म्हणजे पीएच, अडीच ते तीन. शेतकरी माती तपासून आणतो तेव्हा सामू सात किंवा त्याच्या आसपास बघतो. सामू एका अंकानं उतरला की आम्लता दहापट होते. म्हणजे सातावरून तीनवर येईस्तोवर ती दहा हजार पटींनी वाढलेली असते.

घरात या बाटलीनं पहिलं काम केलं ते मात्र चोख. त्यांच्याकडं पिण्याला महापालिकेचं पाणी आणि बाकी वापराला बोअरचं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी इतकं जड, की नवी तोटी वर्षभरात पांढरी पडते, शॉवरची निम्मी भोकं बुजतात आणि बादलीच्या काठाला खडूसारखी रेघ धरते. सूनबाईंनी (मी त्यांना वहिनी म्हणतो) फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून तोटीला गुंडाळलं, तासाभरानं जुन्या ब्रशनं घासलं आणि तोटी लखलखली. शॉवरची जाळी काढून रात्रभर वाडग्यात बुडवून ठेवली, सकाळी सगळ्या भोकांतून पाणी आलं. यात चमत्कार काही नाही. तो थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि उरलेलं कॅल्शियम ॲसिटेट पाण्यात विरघळून जातं. पितळेची समई आपण चिंचेनं घासतो तेव्हाही आम्लच तिच्यावरचा काळपटपणा विरघळवत असतं.

या यशानं घरात बाटलीचा मान वाढला. जी वस्तू तोटी एवढी स्वच्छ करते ती शरीरही आतून स्वच्छ करणार, असं बाईंना वाटलं. मला वाटतं इथंच गाडी रुळावरून घसरली. तोटीवर तिनं जे करून दाखवलं, तीच खरी धोक्याची सूचना होती. पण बाटलीवर सफरचंदाचं चित्र होतं, 'नैसर्गिक' असं लिहिलेलं होतं, आणि आम्ल हा शब्द घरात कुणाच्याच तोंडी नव्हता.

आता तो गोल. गोळ्यांची पिशवी ओट्यावर ठेवायला गेलो आणि कडप्प्यावर, गॅसच्या उजव्या हाताला, बाटलीच्या बुडाएवढं वर्तुळ दिसलं. बाकीचा ओटा तेलपाण्यानं काळाभोर चमकत होता आणि एवढाच भाग राखाडी, निस्तेज. मी बोट फिरवलं. आजूबाजूचा दगड गुळगुळीत, वर्तुळाची कड मात्र बारीक सँडपेपरसारखी खरखरीत लागली. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. नळावरचा थर आणि हा ओटा, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच.

"बाई, इथं काय ठेवता?"

"तुझं ते व्हिनेगर रे. ही रोज पुसती, पण डाग काही निघंना."

"पाण्यात किती घालता?"

"पाण्यात कशाला? दोन चमचे तसंच घेते. पाण्यात घातलं की ग्लासभर आंबट प्यावं लागतं. एका घोटात घेतलं की सुटले."

चार महिने, रोज सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, न मिसळता. ओघळलेल्या थेंबांनी दगडाचं काय केलं ते माझ्या बोटाखाली होतं. मी विचारलं, दात आंबतात का? आपल्या भाषेत यासाठी इतका नेमका शब्द आहे. कच्ची कैरी खाल्ली की कुणी शिकवल्याशिवाय पोर तो वापरतं. बाई म्हणाल्या, "आंबतात की. थंड पाण्यानं शिवशिवतात पण. म्हणून तर घेतल्या घेतल्या लगेच ब्रश करते." दाताच्या वरच्या थरातलं, म्हणजे इनॅमलमधलं खनिज सामू साधारण साडेपाचच्या खाली गेला की विरघळू लागतं. आम्लानं तो थर मऊ केलेला असतानाच त्यावर ब्रश फिरला की मऊ झालेलं खरवडून निघतं. बाई काळजी घेत होत्या ती अशी.

बोलता बोलता त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. हात थरथरत होता. म्हणाल्या, "हे पित्त बघ माझं. रोज अकराला असंच होतं. घाम फुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. लिंबूसरबत घेतलं की बरं वाटतं." सरबतात साखर होती म्हणून बरं वाटत होतं. घरात ग्लुकोमीटर होता. बोटातून थेंब काढून पट्टीवर लावला तर ६१. सत्तरच्या खाली गेली की शुगर कमी झाली असं धरतात. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, ९४. थरथर थांबली.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. व्हिनेगरमुळं पोटातलं अन्न पुढं सरकायला वेळ लागू शकतो, हे माहीत असलेलं आहे. पण बाईंच्या बाबतीत त्याहून साधी गोष्ट मोठी ठरली असावी: सकाळी तो घोट घेतल्यावर त्यांना मळमळायचं आणि नाश्ता उतरायचा नाही. आधी एक भाकरी आणि भाजी खायच्या, आता चार घास पोहे. गोळी पूर्ण, अन्न निम्मं. महिनाभर रोज अकरा वाजता त्यांची शुगर खाली जात होती आणि सगळं घर त्याला पित्त म्हणत होतं.

साखर घेतल्यावर त्या उठल्या आणि डावा पाय जपून टाकत चालल्या. पायात मोजे होते. सांगलीच्या मे महिन्यात, घरात, मोजे.

"मोजे कशाला, बाई?"

"बोळा सरकू नये म्हणून."

चवड्याखाली, करंगळीच्या बाजूला, कुरूप झालं होतं. व्हिनेगरनं कुरूप, चामखीळ गळून पडतं असं त्याच व्हिडिओच्या शेवटी होतं. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून, वर चिकटपट्टी लावून, मोजा चढवून त्या झोपायच्या. चौथी रात्र झाली होती. मोजा मी काढला. बोळ्याभोवतीची कातडी पाण्यात भिजून राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली, कडेला लाल, आणि बोळा अलगद उचलला तसा मधला भाग त्याच्याबरोबर निघून आला. खाली रुपयाच्या नाण्याएवढं ओलं, लाल मांस. बाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांना काहीच लागलं नव्हतं.

मला त्या जखमेपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. धडधाकट पायावर ५ टक्के आम्ल रात्रभर बांधून ठेवलं तर तासा-दोन तासांत आग होते आणि माणूस बोळा काढून फेकतो. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात, त्यामुळं आग कळवणारं कुणी उरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कुरूप काढायची औषधी पट्टीसुद्धा मधुमेहाच्या पायाला लावायची नसते, त्या पाकिटावर तसं छापलेलं असतं. व्हिनेगरच्या बाटलीवर असं काही नसतं, कारण ती खाण्याची वस्तू म्हणून विकली जाते.

दुपारी त्यांना मुलाच्या गाडीतून मिरजेला नेलं. सर्जननी नायलॉनच्या धाग्याचं टोक तळपायाला टेकवून तपासणी केली. डोळे मिटून बसलेल्या बाईंना दोन्ही चवड्यांवर ते टोक कळलंच नाही. जखम हाडापर्यंत गेली नव्हती, हे नशीब. मेलेली कातडी काढली, ड्रेसिंग सुरू केलं आणि त्या पायावर भार टाकायचा नाही असं बजावलं. जखम भरायला सात आठवडे लागले. फिजिशियननी ग्लिमेपिराइड निम्मी केली. रक्तात पोटॅशियम ३.३ निघालं, असावं लागतं किमान ३.५. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पोटॅशियम घालवते, आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात हे बाईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बीपीची गोळी बदलली. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं इनॅमल परत येत नाही. फ्लोराइडची पेस्ट वापरा आणि आंबट काही घेतलं तर निदान अर्धा तास ब्रश करू नका.

पाय वर घेऊन बसलेल्या बाईंनी मला एकदा थेट विचारलं, "मग ते सगळं खोटंच का रे?" शिक्षिकेला अर्धवट उत्तर देता येत नाही, म्हणून वाचून गेलो. सगळं खोटं नाही. २००४ साली अमेरिकेत ॲरिझोनामध्ये थोड्या लोकांवर एक प्रयोग झाला. पाव आणि संत्र्याचा रस अशा भरपूर पिष्टमय, गोड खाण्याआधी २० ग्रॅम ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यात मिसळून दिलं, तेव्हा जेवणानंतर चढणारी साखर काही जणांत कमी चढली. २००९ साली जपानमध्ये १७५ लठ्ठ माणसांच्या अभ्यासात दोन गटांना १२ आठवडे रोज १५ किंवा ३० मिलिलिटर व्हिनेगर दिलं, तेही अर्धा लिटर पेयात मिसळून. वजन उतरलं ते एक-दोन किलो. २०२४ साली लेबनॉनमधल्या एका अभ्यासानं सहा-आठ किलो वजन उतरल्याचं सांगितलं आणि जगभर त्याच्या बातम्या झाल्या. पण त्यातले आकडे तपासणीत टिकले नाहीत आणि २०२५ साली ज्या नियतकालिकानं तो छापला होता त्यानंच तो मागे घेतला. उलट बाजूला १९९८ सालची ऑस्ट्रियातली एक नोंद आहे: २८ वर्षांची बाई सहा वर्षं रोज पाव लिटर ॲपल सायडर व्हिनेगर घेत होती, तिचं पोटॅशियम घसरलेलं आणि हाडं ठिसूळ झालेली निघाली.

हे सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी पाण्यातून दिलं होतं, होय?" एवढं त्यांनी बरोबर पकडलं. एप्रिलमध्ये त्यांचं एचबीएवनसी ७.८ आलं होतं, म्हणजे शुगर खाली आली होती. पण जानेवारीपासून त्यांनी चहातली साखर सोडली होती आणि पायाला जखम होईपर्यंत रोज नेमिनाथनगरच्या मैदानावर फेऱ्या मारत होत्या. माझ्या मते श्रेय त्या दोन गोष्टींचं आहे, आणि ते बाईंचं स्वतःचं आहे. ते एका बाटलीच्या नावावर जमा होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

या प्रकरणात माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, त्यांना बाटली माहीत नव्हती. बहिणीनं बाटली सुचवली, तिला गोळ्या माहीत नव्हत्या. मुलगा-सून दोघंही सकाळी आठला कामावर जातात. गोळ्या आणि बाटली दोन्ही एकत्र दिसली ती फक्त माझ्या काउंटरवर, एका बिलावर, आणि मी पिशवी बांधून दिली. आता कुणी ही बाटली मागितली की आधी विचारतो: पिण्यासाठी की घरकामासाठी? पिण्यासाठी म्हणाले की शुगरची, लघवी होणारी किंवा हृदयाची गोळी आहे का, इन्सुलिन घेता का, पोटात अल्सर आहे का, हे विचारतो. असं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा म्हणतो. तब्येत धड असेल आणि चवीसाठीच हवं असेल तर चमचाभर व्हिनेगर मोठ्या ग्लासभर पाण्यात किंवा कोशिंबिरीत घाला, जेवणाबरोबर घ्या, नंतर साध्या पाण्यानं चूळ भरा, आणि कातडीला, चेहऱ्याला, कुरुपाला बांधू नका. गिऱ्हाईक घाईत असतं, काही जण वैतागतात. वैतागू देत.

घरकामाची गोष्ट निराळी. त्याला सफरचंदाची महागडी बाटली लागतच नाही. तोटी, शॉवर, किटलीचा थर यांसाठी साधं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर किंवा किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, तेच काम कमी पैशांत करतं. वहिनींना तीन गोष्टी सांगितल्या. कडप्पा, शहाबादी फरशी, संगमरवर यांवर हे सांडू द्यायचं नाही, तिन्ही दगड कॅल्शियम कार्बोनेटचे. जर्मनच्या पातेल्यात भरून ठेवायचं नाही. आणि संडास-बाथरूमला ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर वापरली असेल तर त्यावर व्हिनेगर कधीच ओतायचं नाही, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. वहिनी एकदम गप्प झाल्या. गणपतीच्या आधीच्या साफसफाईला दोन्ही एकत्र करायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

उरलेली बाटली बाथरूममध्ये गेली. बाईंनी त्यावर कागद चिकटवून आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे: 'आम्ल. नळासाठी.' शब्दाखाली लाल रेघ आहे, आमच्या वह्यांत मारायच्या तशीच.

जखम भरल्यावर सर्जननी मऊ रबराची एमसीआर चप्पल दिली आणि रोज रात्री आरसा धरून तळपाय बघायला सांगितलं. बाईंची नजर आता कमी झालीय, म्हणून महिन्यातून एकदा मला दाखवत जा, असं मी म्हणालो होतो. परवा त्या दुकानात आल्या. काउंटरला गर्दी होती. त्यांनी बाकावर बसून आधी चप्पल काढली, डावा तळवा माझ्याकडं फिरवला, मी बघून मान हलवली, आणि मग त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली.